पैऱ्याचा माणूस

जोतीरामाचा उजवा हात शेजारच्या नाथाजीच्या चरकात गेला आणि मिरजेच्या डॉक्टरांनी तो कोपरापासून उतरवला. लढाईचे दिवस, इंजिनाचं तेल रेशनवर. तेल संपायच्या आत ऊस गाळून व्हावा म्हणून नाथाजीची घाई चाललेली, आणि घाईत हात उसाबरोबरच आत गेला.

जोतीरामाच्या बायकोनं, राहीबाईनं, पोटभर रडून घेतलं आणि पदर खोचला. भरपाई मिळाली तर गडी ठेवून शेत कसता येईल, नाहीतर ते पडीक पडणार, एवढं तिला कळत होतं. नवऱ्याला तेही कळत नव्हतं, की कळूनही वळत नव्हतं, देव जाणे. एकटीच उठून ती कराडला महावीर वकिलांकडे गेली. वकील मूळचे सांगलीचे, बोलायला गोड.

"खबर लगेच दिली होती का?"

"साऱ्या गावानं बघितलं की."

"दारू प्याले होते?"

"माळकरी हाय त्यो!"

"रोज किती मिळायचा?"

इथं राहीबाई अडली. "रोज कुठला, वकीलसाहेब? पैरा हुता. आदी नाथाजी भाऊजी आमच्यात राबलं, मग हे त्यांच्यात."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "कायदा मजुराला भरपाई देतो बाई, शेजाऱ्याला नाही. पण कामाच्या बदल्यात काम, हाही मोबदलाच. नाथाजीच्या इंजिनावर, त्याच्या हुकमाखाली जोतीराम राबत होता, एवढं दोघांनीही साताऱ्याला भरपाईच्या साहेबापुढं सांगितलं तर मी भांडतो."

नाथाजीच्या दारात ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्याची बायको बनुबाई अंगावर धावली. दुसऱ्यांदा नाथाजीच बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, "माज्या घाईनं हात गेला त्येचा. सांगतो, वैनी." माणूस वाईट नव्हता.

जोतीरामाला वळवणं मात्र दगडाला पाझर फोडण्यासारखं होतं. "आमी कवा कुणाचं मजूर न्हवतो," एवढंच तो म्हणे. राहीबाईनं पोरांना त्याच्यासमोर उभं केलं, तेव्हा कुठं त्यानं मान हलवली.

साताऱ्याला कचेरीत गर्दी होती. गावातली चार माणसं साक्षीला आली होती, दोन नुसती तमाशा बघायला. साहेबानं नाथाजीला आधी विचारलं, "हा तुमच्याकडे कामावर होता?"

"व्हय साहेब. माज्या हुकमातला माणूस. मी सांगीन ते करायचा."

बिचाऱ्यानं शिकवलेलं नीट म्हटलं. मागं कुणीतरी खुसकन हसलं. जोतीरामाचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हुकमातला?" तो उठलाच. "माज्या आज्यानं तुज्या आज्याला बी-बियानं दिल्यालं, इसरलास व्हय रं? साहेब, मी हेचा चाकर न्हाई. पैऱ्याला गेलो हुतो, बरोबरीनं गेलो हुतो. ल्हिवा तसंच!"

राहीबाईनं त्याचा सदरा धरून ओढला. "आवं, पोरांकडं बगा वो, खाली बसा!" पण तो बसला नाही, आणि साहेबानं तसंच लिहिलं. वकिलांनी कागद गोळा केले. अब्रू राखली म्हणून साक्षीदारांनी जोतीरामाची पाठ थोपटली. त्या पाठीत एक धपाटा घालावा असं राहीबाईला वाटलं. तिला त्याचा राग येत होता आणि रिकामी बाही बघून जीवही तुटत होता.

त्या साली त्यांचं शेत पडीकच राहिलं.

सुगीला राहीबाई विळा घेऊन नाथाजीच्या बांधावर उभी राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोवती कापणीच्या बाया आपापल्या ओळीची पात धरून होत्या, तो घाईघाईनं मोठ्यानं म्हणाला, "या वैनी, या. पैरा समजू या. आमी बी येऊ की तुमच्यात."

"आमच्यात काय हाय कापायला?" राहीबाई म्हणाली. "मी मजुरीनं आलीया, भाऊजी. हुकूम सांगा, कुठली पात धरू?"

नाथाजीनं हातानंच कडेची पात दाखवली, आणि ती वाकली.