सत्तावीस नंबरच्या भिंतीतला पाइप

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी पाइप आहे. एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, सत्तावीस नंबरच्या गाडीच्या जागेमागच्या भिंतीत मी नऊ वर्षं काढली. माझी लांबी जेमतेम वीतभर. एवढ्याशा लांबीने माझं काम होणार कसं, या संशयाने मला कधी स्वस्थ बसू दिलं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला दहा फुटी होतो. बांधकामावर आल्यावर कानावर पडलं, की नवा नियम झालाय. गाडीच्या प्रत्येक जागेपासून थेट मीटरच्या खोलीपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवायचा. पुढे कुणी विजेची गाडी घेतली, तर भिंत न फोडता चार्जिंगची केबल ओढता येईल. मी हरखून गेलो. पण वायरमन करवत घेऊन आला आणि त्याने आमचे वीत-वीतभर तुकडे पाडले.

“साहेब, हे पुढे जोडायचे कसे?” त्याने विचारलं.

सुपरवायझरने इकडेतिकडे पाहिलं. “जोडायला कुणी सांगितलंय? भिंतीतून तोंड दिसलं म्हणजे झालं.”

वायरमनने पुढचा पाइप कापायला घेतला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

माझं मागचं टोक सिमेंटात लिंपलं गेलं. पुढच्या तोंडावर हिरवं झाकण बसलं. तपासणीचे अधिकारी आले, त्यांनी चाळीस झाकणं मोजली आणि म्हणाले, “वा! अगदी नियमाप्रमाणे काम आहे.” सगळे खूश झाले. मला मात्र ती शाबासकी पचली नाही. मीटरच्या खोलीतला एखादा तरी आवाज माझ्यापर्यंत यायला नको होता का? साधी वाऱ्याची झुळूकही कधी आली नाही.

मग वर्षानुवर्षं मला कुणी विचारलं नाही. झाकणावर कोळ्यांनी जाळी विणली.

एक दिवस सत्तावीस नंबरच्या नर्सताईंनी विजेची गाडी घेतली. त्यांनी आणलेल्या कारागिराने माझ्यात तार सरकवली. ती वीतभर जाऊन थडकली. सोसायटीचे सेक्रेटरी भुवया उंचावून म्हणाले, “पाइप तर पास झालेला आहे. तुमच्याच घरातल्या कुणीतरी आत काहीतरी कोंबलं असणार.”

नर्सताईंचे डोळे भरून आले. शेवटी नाइलाजाने त्यांनी जिन्याखालच्या प्लगमधून लांबलचक वायर ओढली आणि त्यावर गाडी चार्ज करू लागल्या.

त्यांच्या सासूबाईंनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय त्या कशावरच विश्वास ठेवत नसत. एका दुपारी त्या खाली आल्या, वायरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

“अगं, तव्यासारखी तापलीय ही! बटण बंद कर आधी!”

प्लग वितळून काळा पडला होता. शेजारी रद्दीचे गठ्ठे रचलेले. अजून थोडा वेळ गेला असता, तर काय झालं असतं, या विचाराने मी आजही शहारतो.

सासूबाईंनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. “सव्वीस नंबरचं झाकण काढा.”

“ते कशाला?”

“तिथेही आम्हीच कोंबलंय का, ते पाहू.”

त्यांनी पिशवीतून विणकामाची लांब सुई काढली. सव्वीसमध्ये ती वीतभर जाऊन थडकली. पंचविसातही तेच. बघता बघता सगळी इमारत खाली जमली. चाळिसावं झाकण उघडून झालं, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “चाळीस घरांनी एकाच मापाने कोंबलं, असं म्हणायचं का?”

सेक्रेटरींनी मान खाली घातली. नर्सताईंची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली.

तक्रार झाली, चौकशी बसली. त्या जुन्या वायरमनला शोधून आणलं. तो म्हणाला, “मीच कापले होते. एकदा विचारलं, पण पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.” खऱ्या पाइपांचं काम बिल्डरला नव्याने करून द्यावं लागलं, आणि ते करायला तोच वायरमन आपणहून आला. मला भिंतीतून काढून त्याने खाली ठेवलं.

सासूबाईंचा संशय काही एवढ्यात फिटणारा नव्हता. नव्या पाइपात त्यांनी स्वतः तार सरकवली आणि मोठ्याने विचारलं, “आली का?”

मित्रांनो, जे काम माणसांच्या जिवाशी निगडित आहे, त्याचं नुसतं झाकण मोजून सही करू नका. अशीच तार घाला, अशीच हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मी फरशीवर पडून कान टवकारले होते. दूर मीटरच्या खोलीतून, त्या नव्या पाइपातून वायरमनचा आवाज आला, “आली हो, आली!”