चौदा बाटल्या

"आता डावीकडं बघा!" फिक्रीनं सीटची पाठ घट्ट धरली आणि इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवला. "डाव्या हाताच्या खिडक्या. चार दगडी राजे ओळीनं बसलेत. दुसऱ्याचं डोकं त्याच्याच पायाशी पडलंय. दिसले का?"

अस्वानहून उडाल्यावर पस्तिसाव्या मिनिटाला कान दडपतात, मग इंजिनाचा सूर खाली येतो आणि पोटात किंचित खड्डा पडतो. तेवढं झालं की समजायचं, अबू सिंबलचं देऊळ आलं. एकोणतीस वर्षांत ह्यात कधी फरक पडला नव्हता. पण आज खिडक्यांपाशी नेहमीचा गलका उठला नाही.

"उस्ताज," गाईडला मानानं हाक मारत पुढून लबीब मास्तरांचा जाडाभरडा आवाज आला, "डावीकडं वाळू आहे हो. नुसती वाळू. राजे फिरायला गेले की काय?"

आणि मग विमान कललं, ते उजवीकडं.

"अगंबाई! इकडं आहेत, इकडं!" पलीकडून कुणी बाई ओरडल्या. सगळे मास्तर आणि मास्तरणी धडपडत उजव्या खिडक्यांना जाऊन चिकटले. वारा फिरला होता म्हणून कॅप्टननं देवळापुढच्या तळ्याला उलटा वळसा घातला होता. ज्याला डोळे आहेत त्याला हे दहा मिनिटांपूर्वीच कळलं असतं. फिक्रीला कळलं नाही, कारण फिक्रीला दिसत नव्हतं.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण माणूस मुरलेला. तो मोठ्यानं हसला.

"मुद्दाम सांगितलं मी चुकीचं! जन्मभर पोरांच्या चुका काढल्यात तुम्ही. म्हटलं बघू, अजून काढता येतात का."

हशा पिकला. तंटा गावच्या शाळांतून निवृत्त झालेली ही चौदा माणसं एका दिवसात विमानानं जाऊन-येऊन देऊळ बघायला निघाली होती आणि हसायला त्यांना निमित्तच हवं होतं. शेवटच्या सीटवरची रीहाम मात्र हसली नाही. ती कैरोच्या ऑफिसातून आली होती. दरवर्षी कंपनी गाईडांचे करार नवे करते, यंदा करण्याआधी प्रत्येकाबरोबर माणूस पाठवून अहवाल लिहून घ्यायचा असं ठरलं होतं. फिक्रीच्या वाट्याला ही तिशीतली पोरगी आली होती. तिच्या पेनाची टिकटिक तेवढी त्याला ऐकू आली.

काचबिंदू. दीड वर्षापूर्वी डॉक्टरनं नाव सांगितलं तेव्हा डाव्या डोळ्यात किल्लीच्या भोकाएवढं जग शिल्लक होतं. ह्या हिवाळ्यात तेही बुजलं. आता उन्हात उजेड आणि सावली एवढं कळे, आणि छपराखाली तेवढंही नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, हनीयाला ठाऊक होतं. ती रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं तपासून त्याला गाडीत बसवी आणि गाडी गेली की दार लावून रडे. तेही त्याला ठाऊक होतं.

सांगून का टाकत नाही, असं ती विचारायची. काय सांगायचं? त्याच्या बापाचे डोळेही असेच गेले होते. बाप दाराशी मातीच्या ओट्यावर बसून राही आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण समोर उभा राहून म्हणे, "ओळखा बघू, कोण आलंय?" बाप ओळखी, हसे. फिक्री स्वतःही लहानपणी आवाज बदलून हा खेळ खेळला होता. त्या ओट्यावर बसण्याआधी मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटायचं.

आणि देवळाचं काम तर डोळे मिटून होण्यासारखंच होतं. आत गाईडनं तोंड उघडायचं नाही असा तिथला नियम. गर्दी तुंबते, गोंगाट होतो. म्हणून सगळं बाहेर अंगणातच समजावून सांगायचं, चित्रांचा आल्बम दाखवायचा, आणि माणसांना आपापलं आत सोडून द्यायचं. आल्बमच्या पानांच्या कोपऱ्यांना फिक्रीनं कात्रीनं खाचा पाडल्या होत्या. एक खाच म्हणजे लढाई, दोन म्हणजे राणी, तीन म्हणजे गाभारा. बोट फिरवलं की पान कळे.

विमान उतरल्यावर अंगणात आजही सगळं नीट झालं. लढाईचं पान उघडून त्यानं रथ दाखवले, घोडे दाखवले, एका घोड्याला पाय जास्त का दिसतात ते सांगितलं. बहीगाबाई नावाच्या भूगोलाच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांच्या अंगाला कापराचा वास होता.

"किती सुंदर सांगता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढं उभं राहतं."

"आत जाऊन बघा बाई, मग सांगा."

सगळे आत गेले. फिक्री दाराबाहेर सावलीत खोक्यावर हात ठेवून बसला. खोक्यात पाण्याच्या चौदा बाटल्या होत्या. ही त्याची स्वतःची युक्ती. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली द्यायची. खोकं रिकामं झालं की माणसं पुरी झाली. वर लोक म्हणत, किती काळजी घेतो हा माणूस.

"तुम्ही कधीच आत जात नाही, फिक्रीकाका?" रीहामनं विचारलं.

"अकरा वर्षं झाली शेवटचं जाऊन. बोलायचं नाही तर आत जाऊन काय करू, पोरी? मुका होऊन फिरू?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत लांब गेली. वाऱ्याला आता वाळूचा वास येत होता. फिक्रीच्या दातांत कचकच लागली.

माणसं बाहेर यायला लागली. घ्या बाई, घ्या मास्तर, पाणी प्या, ऊन फार आहे. हात यायचे, बाटल्या जायच्या. शेवटी त्यानं खोक्यात हात फिरवला, चारी कोपरे चाचपले. रिकामं.

रीहाम धावत आली. "वाळूचं वादळ येतंय. साडेबारापर्यंत उडालो नाही तर आज उडता येणार नाही म्हणतोय कॅप्टन. सगळे आले?"

"आले."

"मोजलेत?"

"मोजले," फिक्री म्हणाला. त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती.

टेकडीला वळसा घालून ते बसपर्यंत पोचले तेव्हा वाळू गालांवर टोचत होती. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आणि मागून एका बाईनं विचारलं, "बहीगा कुठं बसलीय?"

सीटा करकरल्या, माणसं उठून मागं-पुढं बघायला लागली.

"बहीगा! अगं बहीगा!"

"तुमच्या पुढं होती ना?"

"माझ्या कुठं? मला वाटलं तुमच्याबरोबर आहे!"

फिक्री उठून उभा राहिला. "असं कसं होईल? चौदा बाटल्या गेल्या. खोकं रिकामं होतं."

मग लबीब मास्तर खाकरले.

"मी दोन घेतल्या, उस्ताज. पहिल्यांदा घेतली, प्यायलो, मग परत हात पुढं केला. तुम्ही दिलीत. मला वाटलं, देतायत तर घ्यावी."

मास्तरांचा देह दाराएवढा. एकदा बघितलेला माणूस पुन्हा समोर आला तर शेंबडं पोरही ओळखेल. रीहाम काय बघतेय, कुणाकडे बघतेय, हे न दिसताही फिक्रीला कळलं. तो तसाच बसमधून खाली उतरला आणि परत निघाला.

वाट पायांना पाठ होती. वीस पावलं उतार, मग कठडा, मग वळण. एरवी तो सावकाश, रुबाबात चाले. आज तो पळाला. दोनदा कठड्यावर आदळला, एकदा गुडघ्यावर पडला, उठला. मागं रीहामचे बूट वाजत होते, पण लांब. देवळाच्या दाराशी राखणदार साखळी लावत होता.

"बंद करायला सांगितलंय, उस्ताज. वादळ आहे. आत कुणी नाही, मी डोकावून बघितलं."

"माझी एक बाई राहिलीय. म्हातारी आहे."

"मग जा बुवा, लवकर बघून या. दिवे अजून चालू आहेत."

फिक्री आत शिरला आणि जग काळं झालं.

"बहीगाबाई!" त्यानं हाक मारली. नियम गेला खड्ड्यात. हाक छताला लागून परत आली. "बहीगाबाई! मी फिक्री!"

उत्तर नाही. पायाखाली फळ्या करकरत होत्या. आठ खांब, खांबांपुढं पुतळे, मग दुसरी खोली, मग गाभारा. ते मधोमध, सरळ रेषेत, ते सोपं. पण बाजूच्या खोल्या? लांबट, अरुंद, बोळासारख्या. त्यांची दारं कुठं होती? अकरा वर्षं! रोज बाहेर बसून जगाला ज्याचा नकाशा सांगितला, त्याच्या आत तो भिंतीला हात लावून एखाद्या चोरासारखा सरकत होता. हाताखालून कोरलेले पाय, धनुष्यं, गुडघे टेकलेली माणसं सरकत गेली. दार लागलं. तो आत गेला. हात पसरून भिंत गाठली, परत फिरला. "बाई, आवाज द्या! काहीतरी बोला!" दुसरं दार. इथं कापराचा बारीक वास आला की भास झाला? तो थांबला. कान दिला. बाहेर वारा घोंघावत होता, दुसरं काही नाही. दोन बाजूंच्या भिंतींमधून तो टोकापर्यंत गेला, टोकाची भिंत चाचपली आणि परत आला. इथंही नाही. त्याला रडू फुटायला आलं होतं.

"काका!" रीहाम दम लागून आत आली. आणि पुढच्याच क्षणी ओरडली, "अहो, ह्या काय! इथंच तर आहेत!"

ज्या खोलीतून तो आत्ता बाहेर पडला होता तिथंच ती धावली. बहीगाबाई दारालगत भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. अंग घामानं भिजलेलं, जीभ लुळी पडलेली. त्यांना साखरेचा आजार होता आणि सकाळी आनंदाच्या भरात त्यांनी नुसता चहा घेतला होता; अंगातली साखर एकदम उतरली होती.

रीहामनं पर्स उपडी करून खजुराच्या गोड वड्यांचा पुडा काढला, एक वडी चुरून त्यांच्या गालात ठेवली. फिक्री तिथं उभा होता. करायला हात होते, पण कुठं लावायचे ते कळत नव्हतं.

"धरा ना काका, दुसऱ्या बाजूनं."

त्यानं हात पुढं केला. तो हवेत गेला. रीहामनं त्याचं मनगट धरून म्हातारीच्या काखेखाली नेलं. राखणदारानं पुढून आधार दिला आणि तिघांनी मिळून बाईंना बाहेर आणलं.

साडेबाराला चार मिनिटं कमी असताना विमान उडालं. पहिली दहा मिनिटं ते इतकं हेलकावत होतं की सगळे मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होते. मग एकदम शांत झालं. वादळ खाली राहिलं. लबीब मास्तर तीनतीनदा माफी मागून थकले, कुणीतरी खारे दाणे वाटले, आणि बहीगाबाईंची जीभ सैल झाली.

"मरते आता, असं वाटलं होतं गं," त्या मैत्रिणीला सांगत होत्या. "माणसं जाताना दिसत होती, पण हाक निघेना. हात तेवढा उचलता येत होता."

"असू दे गं, बोलू नकोस फार."

"नाही, मला विचारायचंय." त्यांचा आवाज फिक्रीच्या दिशेला वळला. तो तीन सीटा पुढं, सीटांमधल्या वाटेच्या कडेला बसला होता. "उस्ताज, तुम्ही आलात. माझं नाव घेऊन हाका मारत आलात. मला इतकं बरं वाटलं. मी हात पुढं केला. तुमच्या शर्टाची कड माझ्या बोटांना लागली, इतके जवळ होतात. तुम्ही माझ्याकडं तोंड केलंत, बघितलंत आणि निघून गेलात. परत आलात, परत तसंच." त्या थांबल्या. त्यांचा आवाज शिक्षा करणारा नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलानं चोरी केली तर येईल तसा दुखावलेला होता. "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

सगळं विमान ऐकत होतं. फिक्रीचे ओठ हलले, पण नेहमी हजर असणारा विनोद आला नाही.

तेव्हा मागून रीहाम बोलली. घाईनं, जरा मोठ्यानंच.

"बाई, आत अंधार होता ना. काकांना दिसलं नसणार."

म्हणजे तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि तरी ती त्याला वाट करून देत होती. फक्त मान हलवायची. हो, अंधार होता, म्हणायचं. वर्षभराचा करार, सकाळची बटणं, खाचांचा आल्बम, सगळं आहे तिथं राहील. पुढच्या आठवड्यात दुसरी चौदा माणसं येतील.

"हो का?" बहीगाबाई पुटपुटल्या. "असेल बाई. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. अंधारच असेल."

त्या माफीच मागायला लागल्या होत्या. फिक्री उठला. सीटांच्या पाठी एकेक धरत तो मागं आला आणि कापराचा वास आला तिथं थांबला.

"अंधार नव्हता, बाई," तो म्हणाला. "दिवे चालू होते."

मग रीहाम जिथं असेल असं वाटलं त्या बाजूला त्यानं तोंड केलं.

"लिही, पोरी."