धाकटीच्या हाताचा गुण

धाकट्या जावेच्या भावानं तिला व्हॅक्यूम क्लीनर पाठवला, तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. त्यात सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे. तीन वर्षांत मशीन एकदाही बिघडलं नाही."

कसला डोंबलाचा गुण? आत फिल्टर असतो, हे धाकटीच्या गावीही नव्हतं. दर रविवारी तो काढून, धुऊन, खडखडीत वाळवून परत बसवायची ती थोरली. वस्तूचे हाल तिला बघवत नसत.

शेवटी तिनं हात लावणंच सोडलं. कळू दे सगळ्यांना. दोन महिन्यांत मशीन नुसतं घरघरायला लागलं आणि कचरा जिथल्या तिथे. थोरलीला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

धाकटीनं भावाला फोन केला. आठवड्यात नवं मशीन आलं, आधीच्या दुप्पट किमतीचं.

"जुनं तुम्हीच ठेवा, ताई," ती म्हणाली.

थोरलीनं दार लावून फिल्टर धुतला, दोन दिवस वाळवला आणि बटण दाबलं. मशीननं सतरंजीवरचा कण न् कण ओढून घेतला.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. कौतुकानं बघत म्हणाल्या, "बघ, धाकटीनं किती जपून वापरलंय. आता तू बिघडवू नकोस."