नेविलची मिशी

“उजव्या पानावर लिही,” सबीनाबाय म्हणाली.

मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा माझ्या नाकावर होता.

“इनास, सोंगं नको करू. उजव्या पानावर. नेविल परेरा.”

कोलशेतच्या आमच्या देवळात मिसांची, म्हणजे कुणाच्या तरी नावाने फादर करतात त्या उपासनांची, वही एकोणतीस वर्षं माझ्याकडे आहे. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. वहीचं डावं पान जिवंतांचं. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या व्हिसासाठी, कुणाच्या पोरीचं जमावं म्हणून लोक मिसा ठेवतात. उजवं पान मेलेल्यांचं. त्यांचं काहीच जमायचं राहिलेलं नसतं, फक्त शांती हवी असते. अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेविलचं नाव डाव्या पानावर पडलं होतं, माझ्याच अक्षरात: ‘नेविल परेरा, सुखरूप परत यावा म्हणून.’

नेविल म्हणजे सबीनाबायचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर फिटर होता. एका सकाळी हजेरीला तो जहाजावर नव्हताच, एवढंच कंपनीच्या पत्रात होतं. समुद्राने त्याला परत दिला नाही. बटणसुद्धा नाही.

आणि आज दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. संध्याकाळी दफनभूमीत मिसा, फादर कबरींवर पाणी शिंपडणार, मी माइकवर नावं वाचणार. सकाळी नऊला ही बाई ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन मेणबत्त्या.

“असं एकदम का गं?” मी म्हटलं. “मागच्या महिन्यापर्यंत तर...”

“रविवारी फादर जॉर्डन काय बोलला? तू ऐकत नाय, तू डुलक्या काढतोस.”

“मी डोळे मिटून ऐकतो.”

“बोलला, मेलेली माणसं शुद्धीस्थानात उभी असतात. ती आपली आपण प्रार्थना करू शकत नाय. आपण केली तरच त्यांची सुटका.” तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “दारुड्या अंतोनसाठी पण गाव सात दिवस रोझरी बोलला. अंतोनसाठी! आणि माझा पोर मेला असंल, तर अकरा वर्षं तिथं उभा हाय. त्याच्या नावानं कुणी एक ‘प्रणाम मरिया’ नाय बोललं. मीच बोलू दिलं नाय कुणाला.”

ते खरं होतं. पत्र आलं तेव्हा गावातल्या बायका काळे कपडे घालून तिच्या दारात गेल्या, तर तिने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. “कुणी मेलेलं नाय,” म्हणाली. कल्याणच्या दवाखान्यात तिने तीस वर्षं आयाचं काम केलं. त्यामुळे गावात कुणी गेलं की शेवटची आंघोळ घालायला, केस विंचरायला, हातात जपमाळ गुंफायला तिलाच हाक मारायचे. मेलेलं माणूस कसं दिसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. न बघितलेल्या माणसाला ती मेलेला कशी म्हणेल?

“पण एक हाय,” ती म्हणाली. “जिता असंल तर? जित्या माणसाला मेलेल्यांत घालणं म्हणजे पाप. म्हणून तुला विचारते. तुझा तो उत्तनचा माणूस, ज्यानं त्याला बघितला, त्याला फोन लाव.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल.

मी थापाड्या माणूस. लहानपणापासून. देवळाची जुनी घंटा खाडीत पडली आणि एका जिताड्याने गिळली, तो मासा अजून रविवारी सकाळी वाजतो, असं मी एकदा सांगितलं, तर अर्धी आळी ओहोटीला चिखलात कान देऊन उभी. कुणाचं काही बिघडलं नाही, फक्त चपला गेल्या. पण पत्र आल्यानंतर सबीनाबाय नऊ दिवस जेवली नव्हती. दहाव्या दिवशी मी तिच्या पडवीत बसलो आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “अगं, उत्तनचा एक माणूस भेटला. जहाजावर असतो. ब्राझिलात नेविलसारखा एक बघितला म्हणतो.”

तिने मान वर केली. “सारखा?”

“नेविलच. मच्छीमारांनी उचलला समुद्रातून. डोक्याला मार लागला, सगळं विसरलाय. मिशी ठेवलीय मोठी. बंदरावर बोंबील तळून विकतो, ही रांग!”

“मराठी बोलतो?”

“फक्त शिव्या आठवतात त्याला.”

ती हसली. “त्या बापाकडनं शिकला,” म्हणाली. मग आत जाऊन तिने भात वाढून घेतला.

एका थापेवर बाई जेवली. तुम्ही काय केलं असतं? मग दर वर्षी मला एक नवीन थाप द्यावी लागली. कधी तो केळ्यांच्या बोटीवर होता, कधी कुठल्याशा बेटावर पंप दुरुस्त करायचा. आठवण थोडी थोडी परत येत होती. माणूस उत्तनचाच राहिला, मिशी वाढत गेली. नेविलचं जिच्याशी ठरलं होतं ती मिशेल त्या बोंबलांवर तीन वर्षं थांबली. मग लग्न करून डोंबिवलीला गेली आणि जाताना माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी थांबायला हवं होतं.

“फोन लाव,” सबीनाबाय म्हणाली.

“तो वारला गं.”

“कवा?”

“झाले सातआठ महिने.”

“मग त्याच्या नावाची मिसा कुठंय? एवढा तुझा दोस्त. उजव्या पानावर दाखव.”

तिने वही स्वतःकडे ओढली, बोट लावून एकेक पान उलटायला लागली. मार्च. एप्रिल. मी बघत राहिलो. मला अजूनही एक थाप सुचत होती. दोन सुचत होत्या. एक तर इतकी सुरेख होती की नेविल नाताळला घरी येण्याच्या वाटेवर निघाला असता. ती सांगितली असती तर बाई वही मिटून घरी गेली असती आणि पोरगा उभाच राहिला असता तिथे, आणखी एक वर्ष.

“सबीनाबाय,” मी म्हणालो, “उत्तनचा माणूस नव्हता.”

बोट थांबलं.

“म्हंजे?”

“कुणीच नव्हतं. मी बनवून सांगितलं. तू जेवत नव्हतीस.”

“बोंबील?”

“बनवलेले.”

“केळ्यांची बोट?”

“ती पण.”

बाहेर कुणीतरी दफनभूमीसाठी झेंडूच्या पाट्या उतरवत होतं. तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं, आणि या वेळी चष्मा शोधायचं सोंगही करता येत नव्हतं.

“मिशी पण नाय?” तिने विचारलं.

“नाही.”

मला वाटलं होतं ती थोबाडीत देईल. द्यायला हवी होती.

“मी त्याला रोज मिशीत बघत होते रे,” ती म्हणाली. “प्रार्थना करताना, मासळी साफ करताना. आधीचा चेहरा येतच नव्हता. तुझी मिशीच यायची पुढं.” तिने नाक पदराला पुसलं. “म्हंजे पोर तसाच गेला. साधाच.”

“हो.”

“मग लिही.”

मी लिहिलं. पेन दोनदा अडलं.

“अक्षर नीट काढ,” ती म्हणाली आणि उठली. दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाली, “आजपासून माझ्या पडवीत नको येऊ.”

संध्याकाळी दफनभूमी माणसांनी भरून गेली. कबरी धुतलेल्या, त्यांच्यावर झेंडूचे क्रूस काढलेले, पोरं मेणबत्त्यांमधून पळत होती. फादर जॉर्डन नवा आहे, त्याला माझं अक्षर लागत नाही. “अंकल, यू रीड,” म्हणाला आणि माइक माझ्या हातात दिला. दोनशे सतरा नावं होती. नेविलचं सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. मी वाचलं. पुढच्या बायकांच्या माना एकदम वळल्या. नंदा परेराने, सबीनाबायच्या जावेने, तोंडावर हात ठेवला. मग शंभरदीडशे माणसं एका आवाजात बोलली, “हे प्रभो, त्यांना सार्वकालिक शांती दे.” अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला ते मिळालं. सबीनाबायचे ओठ हलले की नाही ते मला गर्दीतून दिसलं नाही.

मिसा संपली. लोक आपापल्या कबरीवर मेणबत्त्या लावून घरी निघाले. ज्यांची कबर उरली नाही किंवा कधी नव्हतीच, त्यांच्यासाठी मधल्या मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशी लावायची पद्धत आहे. सबीनाबायने एक मेणबत्ती नवऱ्याच्या कबरीवर लावली. दुसरी पेटवून ती क्रूसापाशी आली. पायथ्याशी शेकडो जळत होत्या, वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या, कुठली कुणाची ते कळत नव्हतं.

मी चार पावलं लांब उभा होतो. “तिथे कडेला जागा आहे,” मी हळूच म्हटलं.

“इथं नको,” ती म्हणाली.

ती वळली. पूर्वी इथून भिंतीपलीकडे खाडी दिसायची. आता मध्ये तीस मजली टॉवर आहेत, एकेका घरात दिवे लागत होते. तिने टॉवरांकडे, त्यांच्यामागे जिकडे पाणी असेल तिकडे तोंड केलं आणि मेणबत्ती पुढे धरली, दुसऱ्या हाताने वारा अडवत.

बायका निघून गेल्या. नंदाने हाक मारली, तिने ऐकली नाही. मेण बोटांवरून ओघळत मनगटाच्या बांगडीपर्यंत आलं. तिने मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा तशीच धरून उभी राहिली.