फितीसाठी थांबलेली टाकी

मानवजातीचं भवितव्य त्या सकाळी एका जांभळ्या टाकीत तरंगत होतं. निदान उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं होतं. प्रत्यक्षात टाकीत खारं पाणी होतं, उजेडावर जगणारे जांभळे समुद्री जिवाणू होते, आणि टाकीच्या खोलीवर कँटीनवाल्याचा डोळा होता. संस्थेच्या साहेबांनी संशोधिकेला स्पष्टच सांगितलं होतं, "या टाकीतून एक चमचा निघाला तर खोली तुमची. नाहीतर तिथे बटाट्याची पोती."

चमचा निघायला हरकत नव्हती. हे जिवाणू स्वभावाने धोरणी. नत्राचा पुरवठा तोडून नुसतं व्हिनेगरसारखं आम्ल पाजलं की त्यांना वाटतं, दिवस वाईट आलेत. मग मिळेल ते पोटात चरबीसारखं साठवतात. ती चरबी म्हणजेच मातीत कुजून जाणारं प्लास्टिक; त्याचाच चमचा ओतायचा. फक्त आम्ल संपलं की लगेच टाकी उपसायची, नाहीतर ते आपली शिल्लक आपणच खाऊ लागतात. त्यांना नावं तरी कुणी ठेवायची? माणसंही तेच करतात.

आम्ल संपलं होतं. आणखी घालायचं तर ड्रम गोदामात. आंबट वास खोल्या मंजूर करणाऱ्या पाहुण्यांच्या नाकाला झोंबेल म्हणून साहेबांनी तो कुलपात टाकला होता. किल्ली स्वागत समितीकडे होती, आणि समिती कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सकाळी एकेक पेशी चकचकीत ठिपक्यांनी ठासून भरलेली होती. आता मधेमधे रिकामी जागा दिसायला लागली होती.

"काय म्हणतायत?" पंपाजवळून धाकट्या दिराने विचारलं. संस्थेतले नळ आणि पंप तोच बघायचा.

"जेवतायत."

"वहिनी, टाकी उपसायची झडप उघडतो. कुणाला कळतंय?"

"साहेबांनी तिच्यावर कागद चिकटवून सही केलीय. मान्यवरांच्या हस्तेच उघडायची."

"मग मान्यवरांना म्हणावं, पाय उचला. लग्नात दादासुद्धा इतका उशिरा आला नव्हता."

"तुझा दादा वेळेवर आला होता. त्याचे बूट उशिरा आले. आता गप्प बस, मला बघू दे."

हे जिवाणू तिने खडकातल्या डबक्यातून सासूबाईंच्या बरणीत आणले होते. बरणी कधी परत देतेस, असं सासूबाई अजून विचारत. तिने पुन्हा डोळा लावला. निम्मं गेलं होतं. ती उठली आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

पाहुणे तिथेच बसले होते. दुसरी कॉफी चालली होती.

"हे कधी आले?" ती कुजबुजली.

"कधीचेच!" साहेबांनी तिला दाराबाहेर ओढलं. "फीत नाहीये."

"टेबलावर दिसतेय की!"

"ती प्लास्टिकची निघाली, मॅडम. प्लास्टिकला पर्याय दाखवायचा आणि प्लास्टिकच कापायचं? पेपरवाले सोलून काढतील. समिती सुती फीत आणायला गेलीय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग अंगातल्या लॅबकोटाची खालची पट्टी दातांत धरली आणि टर्रकन फाडली. "घ्या. सुती."

"पांढरी?" साहेब कळवळले. "बँडेज वाटतं हो!"

ती पट्टी घेऊन धावली, मागून साहेब. दिराने ती हातातून घेतली. टाकीतल्या नमुन्याच्या बादलीत बुचकळून काढली. "जांभळी झाली, साहेब."

"वास मारतेय!"

"समुद्राचा आहे. लोक पैसे देऊन घेतात."

ओली फीत कापली गेली. पाहुण्यांनी हात पुसले, झडप उघडली, टाळ्या झाल्या. तिने टाळी वाजवली नाही. ती सूक्ष्मदर्शकाला चिकटली होती. पेशीगणिक एखाददुसरा ठिपका उरला होता.

"उत्तम!" पाहुणे म्हणाले. "चमचा पाठवून द्या. तो आला की खोलीचं बघतो."

गाळून, सुकवून, वितळवून जे हाती लागलं ते तिने चमच्याच्या साच्यात ओतलं. दांडी झाली. पुढच्या खोलगट भागाला माल पुरला नाही. साहेबांनी ती दांडी 'कॉफी ढवळणी' म्हणून रवाना केली. पाहुण्यांनी ढवळून पाहिलं, पसंतीचा निरोप धाडला, आणि खोली वाचली.

समिती कार्यक्रमानंतर बरखास्त झाली. आम्लाचा ड्रम गोदामातच आहे. किल्ली सापडलेली नाही.