धावपट्टीवरचा नवारीचा पलंग

मी एक जुना नवारीचा पलंग आहे, मित्रांनो. अंगानं किनवटचा साग, जन्मानं उदगीरचा. शिवमूर्ती सुतारानं माझी नवार इतकी ताणून विणली की पहिल्याच दिवशी एक कोंबडी माझ्यावर बसली, ती उसळून थेट शेजारच्या लिंबावर गेली. अंडंही तिनं तिथंच घातलं. खोटं वाटत असेल तर उदगीरला जाऊन विचारा. कोंबडी आता नाही, पण लिंब आहे.

पुढे मला अण्णारावांनी घेतलं. उदगीरचे ते मोठे व्यापारी. त्यांनी एक छोटं खासगी विमान घेऊन लातूरच्या धावपट्टीवर ठेवलं होतं. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत मला मांडलं, वैमानिकाला पाठ टेकायला म्हणून.

वैमानिक म्हणजे कप्तान सिद्धराम. त्यांच्या नेमणुकीचा कागद माझ्या गादीखाली असायचा, म्हणून तो मला पाठ आहे. महिन्याला आठ सुट्ट्या, विमा, दोन वेळचं जेवण, दिवसाचं काम संपलं की दहा तास आराम. कागद फार सुंदर होता! पण सुट्टी घ्यायची ती मालक विमानात नसतील तेव्हा, आणि मालक विमानातून उतरतील तर ना! कप्तानांचं घर नांदेडला. महिन्यातून चारदा ते आपल्याच घरावरून उडत, आणि तीन महिने घरी गेलेले नव्हते.

ते दुष्काळाचं साल होतं. लातूरकरांना पाणी रेल्वेनं येत होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून माझ्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, त्याही कोरड्या पडल्या. खोली झाडणाऱ्या उमाबाई मात्र आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी कप्तानांना तोंडावर मारायला राखून ठेवीत.

त्याच उन्हाळ्यात, उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून लातुरात कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरलं होतं. एके दिवशी कप्तान पहाटे तीनला उठले आणि मालकांना मुंबईहून घेऊन आले. उतरताच मालक म्हणाले, "कप्तान, धरण्याला तोंड दाखवून अर्ध्या तासात येतो. तयार ऱ्हावा." आणि गेले.

थोड्या वेळानं टेम्पोवाला पंढरी आला. मालकांच्या कमरेला जमीन सोसत नव्हती, म्हणून मला उचलून धरण्याच्या मांडवात नेलं. तिथं माझ्या चारी पायांना झेंडूच्या माळा घातल्या. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नसता!

मी परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टेम्पोमागून मालकांची गाडी आली. कप्तान विमानाजवळ उभे होते, डोळे तांबडेलाल, आणि उजव्या पायातला बूट डाव्या पायात.

"काढा इमान," मालक म्हणाले. "मुंबईत साडेआठला मंत्र्यांची भेट हाय. जिल्ह्याचा सवाल हाय!"

"मालक, आज नाही जमायचं. पहाटे तीनपासून ड्यूटी चालू आहे. आराम झाल्याशिवाय मी उडवणार नाही."

"आराम? मग दिवसभर काय करून राहिलते? नऊ तास पलंगावर लोळलाव की!"

"वाट बघणं म्हणजे आराम नव्हे, मालक. सारखा तुमचा फोन. 'निघतोच.' मी खुर्चीवरून उठलो नाही."

"हे बघा, उडत नसाल तर उद्या दुसरा कप्तान बघतो."

नांदेडला कप्तानांच्या दोन पोरींच्या शाळा होत्या. त्यांनी हळूच टोपी उचलली. माझी नवार न् नवार थरारली, मित्रांनो. त्या हातांनी आज विमान उडू नये, हे लाकडालाही कळत होतं.

एवढ्यात उमाबाई केरसुणी घेऊन मधे आल्या. "मालक, कंच्या पलंगावर लोळले म्हणता?"

"ह्योच की! दुसरा हाय कुठं?"

"ह्यो तर आत्ता टेम्पोतून उतरला!"

पंढरीला हसू आवरेना. "मालक, दिवसभर तुमच्याच खाली होता की! जेवल्यावर तुमी दोन तास आसे घोरलाव, लोकायला घोषणा थांबवाव्या लागल्या."

"हाव का?" उमाबाई म्हणाल्या. "मंग झोप तुमची झाली. इमान बी तुमीच हाका. कप्तान बसतेत मागं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. माळा लोंबत होत्या आणि मधोमध त्यांच्याच पाठीचा खळगा. माणूस हट्टी, पण बनेल नव्हता. कान लाल झाले. मग त्यांनी मंत्र्यांच्या माणसाला फोन लावला. "उद्या सकाळी येतो. आज इमान चालवणाऱ्याची झोप झाली न्हाई."

फोन ठेवून त्यांनी पंढरीला हाक मारली, आणि दुखऱ्या कमरेनं माझं एक टोक स्वतः उचललं. खोलीत मला ठेवतात न ठेवतात तोच कप्तान माझ्यावर आडवे झाले, बूट तसेच.

आता माझा एक पाय डुगडुगतो, नवार लोंबलीय. मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं. पण दुसरं एक ऐका. वर विमान दिसलं की तुम्ही हात हलवता, एसटी सुटतानाही हलवता. हलवा. मात्र चालवणारा हाताशी असला तर आधी विचारा, "काका, झोप झाली का?" ते "नाही" म्हणाले तर रागावू नका. थोडं सरका आणि त्यांना आडवं पडू द्या.