अंगठ्याचा अंदाज

चौथ्यांदा इंजिन माझ्या ओट्याजवळ आलं तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही. त्राणच उरलं नव्हतं. गारखेड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातल्या एका खोलीत जुन्या स्कूटरचं इंजिन आतडी बाहेर काढून वर्तमानपत्रावर पसरलेलं. पहिल्या वेळी मी तोंड वाजवलं. दुसऱ्या वेळी अबोला धरला. तिसऱ्या वेळी सरळ पैठणला बहिणीकडं निघून गेले. चार दिवसांनी एसटीनं परत आले तर इंजिन तिथंच, आणि त्याच्यापुढं हेही तसेच मांडी घालून बसलेले.

हे म्हणजे काकासाहेब, माझे यजमान. सव्वीस वर्षं स्कूटरच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडले. गिअरची चाकं दांड्यावर ओवली की शेवटी एक चकती घालायची असते, तिला शिम म्हणतात. ती पातळ पडली तर चाकं खेळतात आणि चढावर गिअर सुटतो. जाड पडली तर चाकं आवळतात आणि गिअर पडायलाच तयार नसतो. कागदाएवढ्या फटीवर सगळा कारभार. बाकीचे लोक ती फट गेजनं मोजायचे. गेज म्हणजे पोलादी पात्यांची जुडी, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. यांना गेज लागत नसे. अंगठ्यानं चाक जरासं हलवायचे आणि सांगायचे, "अजून एक नंबर जाड घाल." साहेब मागून गेज लावून तपासायचे आणि मुकाट्यानं पुढं जायचे. गेजवाल्यांना हे आंधळे म्हणायचे. ही कथा मी सव्वीस वर्षं भाकरीसोबत गिळली आहे.

रिटायर झाल्यापासून तीन वर्षं घरात. वेळ जाईना म्हणून माझ्या भाकरीची जाडी सांगायला लागले. मला तर वाटायचं, देवा, या माणसाला कुठंतरी नेऊन बसव.

देवानं गयासभाईंना पाठवलं. ते कारखान्यात यांच्याच लाइनवर होते, आता जुन्या स्कूटरी नव्यासारख्या करून देतात, दुकान इथंच गारखेड्यात. त्यांनी एका गिऱ्हाइकाची गाडी पाठवली, सोबत तिचं खोललेलं इंजिन आणि शिमांचा डबा. म्हणाले, "काकासाहेब, हे एक जोडून दाखवा. घाटात टिकलं की खुर्ची तुमची." त्या दिवशी यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून दाढी केली. डब्यात तळाशी एक गेजही होतं. ते दिसताच यांचा पारा चढला. "मला गेज पाठवतो व्हय?" म्हणून त्यांनी ते माझ्या चमच्यांत फेकलं.

पहिल्यांदा जोडलं तर दौलताबादच्या घाटात तिसरा गिअर सुटला. दुसऱ्यांदा चाकं इतकी आवळली की गाडी दारातून हलेना. तिसऱ्यांदा पुन्हा सुटला. यांनी शिमांना नावं ठेवली, मग बेअरिंगला, मग आजकालच्या पोलादाला. गयासभाईंचा निरोप आला, की गिऱ्हाईक रविवारी गाडी न्यायला येतंय, नाही जमलं तर दुसऱ्याला बघतो. हे ऐकून यांनी नुसती मान हलवली.

शुक्रवारी दुपारी बेअरिंग बसवायचं होतं. त्यासाठी इंजिनाचा अर्धा भाग तापवावा लागतो, आणि तो माझ्याच गॅसवर तापतो. मी पलीकडं मेथी निवडत होते. यांनी फडक्यानं तो भाग उचलला, बेअरिंग आत सोडलं, ते टपकन बसलं. "बसलं बघ," म्हणाले. मला कसलातरी वास आला. बघते तर यांचा अंगठा फडक्याच्या बाहेर, तापल्या धातूला टेकलेला.

"अहो, अंगठा!"

"काय झालं अंगठ्याला?"

मी हात ओढला. कातडी पांढरी पडून वर आली होती. हे अंगठ्याकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्याचाच आहे. ओरडले नाहीत, हात झटकला नाही. तेव्हा मला सगळं कळलं. चहा गरम आहे म्हटलं की हे का चिडायचे तेही कळलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. पायाला त्याच्या आधी."

"आन् डॉक्टरनं दिलेल्या शुगरच्या गोळ्या?"

हे देव्हाऱ्याकडं बघायला लागले. गोळ्या देव्हाऱ्याच्या मागं होत्या, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. कशाला आधी जागा द्यावी ते समजेना, म्हणून मी अंगठा नळाखाली धरला आणि धरूनच बसले.

नळ बंद केला तसे हे म्हणाले, "तू पैठणला होतीस ना, तवा गेज पण लावून पाह्यलं. पातं अडतंय का सरकतंय, तेबी कळंना. जोर लावला तर जाडं पातंबी आत जातंय. मी लई जणांना आंधळं म्हणलो, वच्छला."

सव्वीस वर्षांच्या फुशारकीचा मला कंटाळा होता. पण ती अशी संपलेली मला नको होती.

शनिवारी सकाळी मी चमच्यांतून गेज काढलं आणि पदर खोचून इंजिनापुढं बसले. हे शेजारी, अंगठ्याला पट्टी. "जोर नाय लावायचा," म्हणाले. "पातं सरकवायचं. जराशी वढ लागली पायजे, पण अडकलं नाय पायजे."

"रेशमी साडीच्या घडीतून बोट काढावं तसं?"

"आता मला काय म्हाईत," म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा जरा हसले.

त्यांनी घातलेली शिम पातळ निघाली, साठचं पातं सैल जात होतं. फट चाळिसाच्या आत यायला हवी होती. ती काढली, दुसरी घातली, तर दहाचंही शिरेना. माझी पाठ भरून आली, मेथी तशीच सुकली. तिसऱ्या शिमला पंचविसाचं पातं शिरलं आणि मला बोटाला बारीकशी ओढ लागली. तिसाचं अडलं. मी तसं सांगितलं. यांनी डोळे मिटले, जसं काही ती ओढ त्यांनाच लागली. मग म्हणाले, "लाव आता वरनं लॉकची कडी."

संध्याकाळी यांनी इंजिन गाडीत चढवलं आणि वजन म्हणून मीच मागं बसले. घाटात यांनी तिसरा टाकला आणि इंजिन रडू दिलं, मुद्दाम. गिअर सुटला नाही. उतरून परत एकदा चढलो. तरी सुटला नाही. हे खूश होऊन ओरडतील असं मला वाटलं होतं. यांनी नुसती गाडी गयासभाईंच्या दुकानाकडं वळवली.

गयासभाईंनी दुकानासमोर स्वतः चक्कर मारली. उतरून म्हणाले, "वा काकासाहेब! अंगठा वोच है!"

मी मागून यांच्या पाठीत बोट खुपसलं. गप्प राहा, एवढंच मागत होते मी. खुर्ची समोर होती, नवी गादी घातलेली.

"अंगठा माझा नाय," हे म्हणाले. "फट हिनं मोजली. माझ्या बोटाला आता काय बी लागत नाय, गयास. दुसरं कोणी असेल तर बघ."

गयासभाई पट्टीकडं बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "फट मैं मोजतो. बाकी तुम्ही जोडा. बसा."

हे बसले, अगदी थकल्यासारखे. टपरीवरून चहा आला, काचेच्या पेल्यांत, वाफाळता. यांनी हात पुढं केला. त्यांच्या आधी मी पेला घेतला. चटका बसला. पदरात धरून मी तो निवेपर्यंत थांबले आणि मग यांच्या हातात दिला. गयासभाई बघत होते. हे चिडले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं पेला घेतला.